त्रेसष्ट टक्के

त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलंय, हेल्वे सांगते
हिऊमा बेटावरून; फोनमध्ये वारा, मागे कुत्रं.
व्हीपीएन चालू, तर इन्स्टॉलरला सर्व्हर सापडत नाही,
बंद, तर सर्व्हर तिला ओळख दाखवत नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी टालिनमध्ये, गार कॉफीपाशी, तिचा लॉग उपसतोय.
ओळ चारशे बारा: यंत्राच्या मते
ती फ्रँकफर्टात बसली आहे.

नेमक्या कुठे आहात तुम्ही, हेल्वे?
स्वयंपाकघरात. समुद्र गोठायला लागलाय.

एकच पत्ता बोगद्याबाहेर ठेवतो.
चौसष्ट.
दोघंही गप्प,
दुधावर नजर ठेवून उभं राहावं तसे.
एक्क्याहत्तरला कुत्रं भुंकतं.
त्याला वाटलं, दारात कुणी आलंय, ती म्हणते.