मोजणी खर्च

आता गावच्या कमानीवर त्यांचं नाव आहे,
तेलरंगात, जरा वाकडं.
सव्वीस जानेवारीला गुरुजी पोरांना सांगतात:
डोमाजी लोणबले, आपल्या ग्रामपंचायतीचे संस्थापक,
यांनी मतासाठी कुणाला थेंबही पाजला नाही.
मी मागच्या खुर्चीवर
चष्मा पुसत राहतो.

मी त्यांची साखळी धरायचो.
तेहतीस फूट, सोळा आणे.
ते पुढे, मी मागे,
धानाच्या बांध्यांतून, गुडघाभर गाळातून.
ताण बसला की मी ओरडायचो, "पुरली!"
मग ते वहीत आकडा मांडत.
पंचविशी असेल. मिशीचं अजून नक्की व्हायचं होतं.

पहिल्यांदा उभे राहिले, निशाणी कंदील.
लोक म्हणाले, "काहून बे, दिवसा कंदील घेऊन फिरते?"
घरोघरी नकाशा उलगडला त्यांनी:
गटग्रामपंचायत नदीपल्याड,
तलाव इकडे,
पाणी आपलं, मासोळीचा लिलाव त्यांचा.
लोकांनी नकाशा उलटा धरून पाहिला,
छान आहे म्हणाले.
पल्याडून दोन बंड्या मोह उतरला त्या रात्री.
मतं पडली सोळा.
परतताना डोंग्यात म्हणाले,
"सोळा म्हणजे साखळी पुरली ना रे, शालिक."
मग काठ येईपर्यंत काहीच नाही.

दुसऱ्या खेपेला
त्यांनीच हाक मारली, अंधारात.
"अकरा मडकी लागतील."
मी डोक्यावरून वाहिली, पारीच्या खालच्या वाटेनं.
ते घरातच बसून होते, दिवा न लावता.
वही मी नंतर पाहिली,
त्यांचं तेच ठाशीव अक्षर:
मोजणी खर्च, नग अकरा.

निवडून आले.
सत्काराला उभं केलं, गळ्यात झेंडू,
तोंड उघडलं तर शब्दच येईना.
नारळ या हातातून त्या हातात.
सरपंच म्हणाले, "बसा डोमाजी, समजलं."
बसले. कान लाल.

पण सभेत लिलावाचा ठराव आला
तेव्हा सगळे हात वर, एक मांडीवर,
बोटं साखळीच्या कड्या चाचपत असल्यासारखी.
"आधी मोजू द्या."
एवढंच बोलले, वर्षभरात बहुतेक एवढंच.

मोजला. मी छातीभर पाण्यात, मागचं टोक धरून.
साडेचार एकर तलाव लोकांच्या धानाखाली निघाला,
त्यात पाऊण एकर त्यांच्या सख्ख्या मामाचा.
तोही लिहिला.
मामाकडचं जेवण तेव्हापासून तुटलं,
मामीच्या तेरवीलाही बोलावणं आलं नाही.

पुढचं कमानीवर आहेच,
वेगळी पंचायत, वेगळा शिक्का, सालासकट.

साखळी माझ्या गोठ्यात, खुंटीला.
परवा नातीनं टेप लावून पाहिला.
"आबा, हिचा नववा आणा वाकला आहे,
बोटभर कमी भरते."
"राहू दे," म्हटलं.
गावातले सगळे बांध आठवले, एकेक करून,
आणि ती विचारतच होती,
वही कुठे ठेवली, वही.