मागच्या दालनातलं कासव

अजब बंगल्याचं मागचं दालन
सकाळी दहाला मी उघडते.
काचेआड एक फरसा, दांडा नसलेला,
गेंड्याच्या कातड्याची ढाल,
आणि तळहाताएवढा कागद.
त्याच्यावर शाईचं कासव.
पाय चार. डोकं नाही.

पाटी सांगते : गोंड सरदार. नाव अज्ञात.

अज्ञात कसं, बाप्पा?
जैतू मरकाम नाव होतं त्याचं.
पेंचच्या काठी सतरा दिवस
साहेबाच्या तोफा त्यानं चिखलात बसवल्या,
साठ माणसं अन् एक ढोल घेऊन.
रात्री ढोल वेगवेगळ्या टेकडीवर वाजायचा,
साहेबाला वाटायचं, हजार असतील.

मग तहाला बोलावलं. बर्डीच्या पायथ्याशी
लिंबाखाली सतरंजी, पानाचं तबक.
कारकुनानं तोंडानं वाचलं, "जंगल तुमचंच."
कागदावर मोडीत काय होतं
ते जंगलाला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.
जैतूनं सही म्हणून कुळाचं कासव काढलं.

डोकं का नाही, यावर आमच्या घरी दोन मतं.
बाप म्हणे, कारकुनानं घाईनं कागद ओढला.
काका चिलीम झटकून म्हणे, हट्,
कासव डोकं आत घेते
तेव्हा त्यानं अजून होकार दिलेला नसते.

पेंचवर धरण झालं, पाणी गावात चढलं,
तेव्हा बापानं अंगठा दिला.
अंगठ्याला आत घ्यायला जागा नसते.
त्यानंतर आम्ही टेकडी लाईनच्या पलीकडे,
दोन खोल्या, मागं गोरेवाड्याचं रान दिसते,
तारेच्या जाळीतून.

हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही.
फिनाईलनं रेषा गेल्या.
"पुन्हा प्रयत्न करा," ते रोज म्हणते,
रोज बाई रजिस्टर पुढे करतात.
मी नाव लिहिते, सुकवंता मरकाम,
कधी कोणी पाहत नसलं तर बाजूला चार पाय.

काल कामठीची शाळा आली होती.
एका पोट्ट्यानं काचेला नाक लावलं,
"मावशी, याले डोकं काहून नाही?"
"आहे नं. आत आहे."
"मंग बाहेर कधी काढन?"

त्यांच्या बाईंनी शिट्टी वाजवली, रांग पुढे गेली.
काचेवर त्याच्या श्वासाचा गोल राहिला होता,
बरोब्बर कासवाच्या मानेपाशी.
फडकं हातात होतं.
मी तो पुसला नाही.