बॉनेटचा डावा कोपरा

कळंबोलीत, वजनकाट्याच्या मागे,
इद्रिस दातांत स्क्रू धरून बोलतो:
छतावर मधोमध भोक पाडू.
वर दिसते ती काडी अर्धीच अँटेना,
उरलेली अर्धी म्हणजे खालचा पत्रा.

मी म्हणतो, छतावर जागा कुठाय?
पिवळा दिवा, लाल निशाणं, तारा उचलायचा बांबू.
आणि भोक नकोच. इथली हवा खाडीची,
रुपयाएवढ्या भोकाचा दोन वर्षांत ताटाएवढा गंज.

मग मागच्या बंपरवरच राहू दे?

गेल्या खेपेला तिथंच होती.
उरण फाट्याच्या अलीकडे मी म्हणालो, थांब.
दोनदा म्हणालो.
मागे छप्पन्न चाकांवर ट्रान्सफॉर्मर,
केबिनमध्ये रघुवीर,
त्याच्या कानात नुसती खरखर.
फलकाची कमान वाकली.
कुणाला लागलं नाही.
पण तो खाली उतरून, माझ्याकडे न बघता
तंबाखू मळत राहिला,
ते लागलं.

इद्रिस बोटानं धुळीत माझी बोलेरो काढतो.
पत्रा ज्या अंगाला जास्त, आवाज त्या अंगाला.
मागे लावलीस, पत्रा सगळा पुढे.
म्हणजे तू हाक मारत होतास मागच्याला
आणि ऐकत होता समोरचा मोकळा रस्ता.
(नटही सैल होता म्हणा, असं पुटपुटतो.)

मग?
मागच्याशी बोलायचंय ना,
पुढे लाव.

बॉनेटचा डावा कोपरा.
रंग खरवडला, उघडा पत्रा लागेपर्यंत.
पाच वर्षांचे हप्ते भरलेला रंग.
मीटर जोडला, काटा तीनवर.
इद्रिस म्हणतो, बाहेर न गेलेलं बोलणं
माघारी येतं, सेट तापतो.
घरीही असंच होतं माझं,
तिथं मीटर नाही एवढंच.
काडी नखभर खाली सरकवली.
पुन्हा नखभर.
काटा दीडवर.

रात्री साडेअकरा. लोखंड बाजार मिटलेला.
ट्रेलर दूर, जासईच्या बाजूला उभा.
काचेपलीकडे काडी अजून हलतेय,
नवी आहे, जरा जास्तच हलते.
बटण दाबलं.
रघू, येतंय का?

खरखर.

मी बटण सोडून बसलो.
एक कुत्रा टायरचा वास घेऊन गेला.

येतंय, तो म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, अगदी शेजारी बसल्यासारखा:
चुना संपलाय माझा.
तुझ्याकडे आहे का?