छाट

फार्मसी शिकायला आलेल्या चिसोमोनं
विड्यांच्या सुपावरच मोबाइल धरला:
मलावीतली तिची शाळा,
वसतिगृहाला जमीन मातीची,
मुली ओळीनं झोपलेल्या.
"थंडी कधी गं तिकडं?" अंबव्वा कुरापाटीनं विचारलं.
"जूनमध्ये."
जूनमध्ये! अख्खं विडी घरकुल हसलं.

सोलापुरी चादरी पाठवायच्या ठरल्या,
पण चादरीपेक्षा टपाल महाग.
मग हजारातल्या शंभर विड्या
रोज वेगळ्या, शाळेच्या नावानं.
"अन् छाट निघाली तर?"
"छाट माझ्यातली धरा."

दिवाळी उलटल्यावर फोटो आला.
ओलं सिमेंट, आणि मधोमध
कुण्या पोरीचं अनवाणी पाऊल.
तंबाखूनं पिवळ्या बोटांनी
अंबव्वानं ते मोठं केलं,
बघत राहिली.
"बुजवू नका म्हणावं."