ठिकरी

सोलापूरच्या या टोकाला, अक्कलकोट रोडच्या आत,
माझ्या बालवाडीत सत्तावीस मुलं,
अक्षरतक्ता एकच, कोपरे उसवलेला,
आणि भिंतीपलीकडे मागांचा खट्याक-खट
सकाळी सातपासून.
त्याला मधली सुट्टी नसते.

लास्या बोद्दुल. पाच पूर्ण.
घरात तेलुगू, दारात तेलुगू,
आईच्या सुपातल्या विड्या मोजायच्या त्याही
ओकटि, रेंडु, मूडु.
माझं मराठी तिला ऐकू येतं
शेजारच्यांच्या टीव्हीसारखं.

मी ख म्हणते, ती क.
मी भाकरी, ती बाकरी.
(माझी आईही बाकरीच थापायची. तीच चव.)
तक्त्यावर पट्टी ठेवून मी म्हणते, घ, घ घराचा.
ती माझ्या तोंडात डोकावते,
आत काही लपवलंय असं,
आणि म्हणते, गर.

पर्यवेक्षिका म्हणाल्या, जिभेला वळण लावा,
रोज दहा वेळा वदवून घ्या.
घेतलं.
दहा वेळा गर.

बुधवारी वीज गेली.
माग थांबले, आणि एवढी शांतता पसरली
की पोरं बावचळली.
काढली बाहेर सगळी. अंगणात खडूने घरं आखली,
क ख, ग घ, ब भ,
क-ग-बवर लंगडी, ख-घ-भवर दोन्ही पाय दाणकन,
आणि अगदी टोकाला, अर्ध्या गोलात, पूर्ण शब्द: घर.
कौलाची एक खापरी सापडली.
तोक्कुडुबिळ्ळा! कुणीतरी ओरडलं,
आणि शिकवायचं काही उरलंच नाही.

लास्याची ठिकरी रेघेवर पडली.
आउट आउट म्हणून गलका.
ती भांडली तेलुगूत,
मी निकाल दिला तेलुगूत: बाद नाही, खेळ.

गेली ती. फ्रॉकचा बंद लोंबतोय,
एक चप्पल मागेच राहिलेली.
शेवटच्या गोलात दोन्ही पाय आदळले
आणि धापा टाकत तिने वाचलं.
ग निघाला, त्याच्या पाठीवर बसून श्वास निघाला.
घर.

महिनाभर मी जिभेत शोधत होते.
तो छातीत होता.

वीज आली. खट्याक-खट.
कुणीच ऐकलं नाही, तीसुद्धा नाही,
ती ठिकरी उचलायला वाकली होती.

दुसऱ्या दिवशी तक्त्यासमोर पुन्हा गर.
मग थांबली. कपाळाला आठी.
जागच्या जागी दोन उड्या मारल्या
आणि परत वर बघितलं.

वहीत शेरा आहे:
मुले वाचताना उड्या मारतात.
खाली सही माझी.