तीट

क्लीव्हलंडात व्हीसीआर दुरुस्त करणारे आता दोघंच उरलो.
दुसरा फोन उचलत नाही.
म्हणून मिसेस नोवोत्नींचा फोन मला येतो,
आणि मी जातो, पार्माला, त्यांच्या तळघरात,
पिशवीत स्पिरिट, मऊ कातडं, रबराचे दोन-चार पट्टे.

तळघरात ओल शोषणारं यंत्र घुमत असतं.
फळ्यांवर कॅसेटी, सहाशे बारा,
खांद्याला खांदा लावून.
अर्डिथ नोवोत्नींनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
अजूनही कॅसेट आत सरकवली की
वरच्या आरशात बघावं तसं मान उचलून बघतात:
बसले ना सगळे?

सगळी कार्टूनं. सगळी काळी-पांढरी.
रंग आला की बाईंचा रस संपतो.
रबरी हातांचा बोकड, दोरीवरून उतरून नाचणारी विजार,
मागे बाजा, कढईतल्या मोहरीसारखा तडतडणारा.
काही चर्चच्या जुन्या बाजारातून आणलेली,
काही अ‍ॅक्रनच्या एका दंतवैद्याच्या विधवेकडून, खोकंभर, घासाघीस न करता.
एकात बोकड संपतो आणि अचानक
कुणाचं तरी लग्न लागतं,
केकवर दोन हात, एक सुरी,
मग मुंग्याच मुंग्या.
तेही त्या शेवटपर्यंत बघतात.

पण मला बोलावतात ते तीनशे अठ्ठ्याऐंशीसाठी.
त्यात घरातून पळालेली एक शेगडी आहे
आणि तिच्यावरचे पाय चोरून खाणारा चंद्र.
नामावळीत तीन पुरुष.
मावशी बोझेना कुठेच नाही.
एकोणीस वर्षांची, न्यूयॉर्कात, खिडकीशी,
अंगठा कापलेला सुती हातमोजा घालून
दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा सेल्युलॉइडवर गिरवायची.
चित्रण झालं की ते तुकडे धुऊन
पुन्हा तिच्यासमोर ठेवत, कोरे.
वर्षाचं काम मोरीतून वाहून जायचं.

राहिला तो एक अंगठा.
चौथ्या मिनिटाला, सेकंदाचा चोविसावा भाग,
चंद्राच्या गालावर शाईचा ठसा,
बाळाला लावावी तशी तीट.
पॉज दाबला तर दिसतो. नाहीतर कुणालाच नाही.

नाताळात पुतण्याने नवी डिस्क पाठवली.
ओरखडा न् ओरखडा, कण न् कण वेचून साफ केलेली.
चंद्र आला, आंघोळ घातलेला, लख्ख.
बाईंनी पुढे-मागे, पुढे-मागे केलं.
अंगठा नव्हता.
यंत्राला तो डाग वाटला.
यंत्राचं तरी काय चुकलं, डागच होता.

काल धंद्याला जागून मी सांगितलं:
पॉजवर फीत थांबते, पण हेड थांबत नाही,
मिनिटाला अठराशे वेळा त्याच जागेवर फिरतं.
जितकं बघाल तितकं झिजेल.
कॉपी काढून देऊ का? पण कॉपीत कडा विरघळतात,
अंगठ्याचा नुसता ढग होईल.

बाई गप्प.
मग म्हणाल्या, म्हणजे मीच पुसतेय तिला?
हळूहळू, मी म्हटलं.

ब्रेकही झिजतात, त्या म्हणाल्या.
म्हणून काय मुलं चढायच्या जागी
गाडी थांबवायची नाही?

आणि पॉज दाबला.
चित्र थरथरलं, मधून एक पांढरी रेघ गेली,
ठसा धरून राहिला, वळणं मोजता येतील इतका.
मी बॅटरी विझवली.
वरच्या मजल्यावर भट्टी सुरू झाल्याचा आवाज आला.
किती वेळ, ते घड्याळ बघून सांगता येणार नाही,
त्यांच्या व्हीसीआरवर केव्हाचे बारा लुकलुकतायत.

बिलावर लिहिलं: ट्रॅकिंग. वीस डॉलर.
ट्रॅकिंग ठीकच होतं.
बाईंनाही ते माहीत होतं, त्यांनी पंचवीस दिले.