शेरा : घर बंद

वृषाली, तू बसवून गेलीस त्या डब्या
मी मोजल्या. अकरा.
एक फ्रिजच्या दाराला, एक औषधांच्या कप्प्यात,
एक गादीखाली, झोप मोजणारी,
एक किटलीच्या प्लगला. बाकीच्या कुठे ते तुला ठाऊक.
काल मोजल्या तेव्हा नऊ भरल्या.
हेही तिकडे पुण्यात उमटलं असेल तर बघ.

एकतीस वर्षं मी लोकांची घरं वाचली.
पेठ नाका, हनुमानवाडी, मखमलाबाद रोड,
सायकल, काखेत रजिस्टर, बॅटरी,
आणि जिन्याखालच्या अंधारात
काचेमागे फिरणारी ॲल्युमिनियमची चकती.
दार न ठोकता कळायचं
कुणाकडे बाळ आलंय, रात्रभर दिवा आहे.
युनिट चढले की गिझर, गिझर आला की सून.
घोलपांच्या मीटरवर एका महिन्यात चारच युनिट:
म्हातारा गेला, आणि बाई अंधारात बसते,
हे मी तिच्या लेकाच्या आधी वाचलं होतं.
कुणाला सांगितलं नाही.
आमच्या कामात आकडा लिहायचा,
अर्थ खिशात ठेवायचा.

आता तुझ्या मोबाइलवर माझी चकती फिरते.
सहा दहा, किटली.
सहा पंचवीस, किटली.
सहा चाळीस, पुन्हा किटली.
कप एकही ओला नाही.
मग तुझा फोन, "काय बाबा, झाला का चहा?"
इतकं सहज विचारतेस
की मला कळतं, आकडा तुझ्याकडे पोचलाय.
मीही असंच विचारायचो घोलपबाईंना,
"काय मावशी, बरंय ना?"

मंगळवारचं तू डॉक्टरांना सगळं सांगितलंस.
दोन चाळीसला दार उघडलं, तुझ्याकडे लाल ठिपका आला,
तू खालच्या निकुंभांना उठवलंस,
त्यांनी मला मीटरच्या पेटीपाशी गाठलं,
स्वेटर उलटा, पायात चप्पल नाही, डिसेंबर.
एवढं मात्र राहिलं सांगायचं
की हातात तुझी शाळेतली वही होती,
तिच्यात सोळा फ्लॅटची सोळा रीडिंगं,
आणि निकुंभांनी तिथेच ताडून पाहिली.
सोळाच्या सोळा बरोबर.

सकाळी ते चौकशीला आले तेव्हा
मी त्यांना विचारलं, आपण कोण?
हेही राहिलं.

परवा तू एक आलेख दाखवलास.
सपाट माथा, दोन्हीकडे उतार.
मी म्हटलं, रामशेज.
तू म्हणालीस, नाही बाबा, तुमची झोप.
आपण दोघं हसलो, तू जरा आधी थांबलीस.

राग नाही माझा. राहू देत डब्या.
फक्त बाल्कनीतली काढ.
तिथे मी नुसता बसतो,
आणि नुसतं बसण्याचं युनिट नसतं.

एक नियम सांगून ठेवतो, खात्यातला.
दाराला कुलूप मिळालं म्हणून
रीडर रिकाम्या हाताने परतत नाही.
शेरा लिहितो, "घर बंद",
आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी लावतो.
पुढे कधी दार उघडलं, खरं रीडिंग मिळालं,
तर फरक वळता होतो बिलात.
नाही मिळालं, तर सरासरीवरच चालतं.
वर्षानुवर्षं चालतं, मी पाहिलंय.

असा एक दिवस येईल, मी आतच असेन.
गादी वजन दाखवेल, सगळे दिवे हिरवे,
आणि तू समोर उभी राहिलीस की मी म्हणेन,
कुणाकडे आलात?
तेव्हा वाद घालू नकोस.
शेरा लिही. सरासरी लाव.
पण मागच्या तीन महिन्यांची नको,
ते वाईट गेलेत.
जरा जुनी पानं काढ.
तू सायकलच्या दांडीवर,
गळ्यात माझी बॅटरी,
मी म्हणेन ते आकडे मोठ्याने म्हणत,
शून्य, चार, सात, दोन,
थेट निमाणीपर्यंत.